बेअरिंग

डांबऱ्या गुरगुरला त्या रात्री
आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

अकरा वर्षं झाली.
नळेगाव रस्त्यावर डांबर पडत होतं,
पिंपाच्या सावलीत हे पिल्लू सापडलं,
मागचे दोन पाय काळ्यात बुडालेले.
महानंदानं करडईच्या तेलानं चोळून चोळून काढलं.
डांबर गेलं, नाव राहिलं.

गंगोत्री रांगायची तेव्हा
त्याच्याच ताटलीत हात घालायची,
आणि हा बाजूला सरकून
तिचं होईपर्यंत थांबायचा.
पाव्हण्यांना आम्ही हे बोलावून दाखवायचो.

आणि आता,
कूलरखालच्या ओल्या कोपऱ्यात, पोत्यावर,
पुढ्यात भाकरीचा एक चतकोर.
खाईना, सोडीना.
गंगोत्री चेंडू घ्यायला वाकली
तर घशातून असा आवाज
की मला वाटलं दुसरंच कुत्रं घरात शिरलं.

मी चप्पल उचलली.
मारली नाही, असं गल्लीत सांगितलंय.

उदगीर उन्हानं तापलेलं, सल्ले फुकट.
शकीलाबी म्हणाल्या, पिसाळला असेल.
मेहुणा म्हणाला, बिदर रोडला सोडून येऊ, रात्रीचं.
कुणी म्हणालं, ताटली हिसकून घे,
मालक कोण ते कळू दे.
हिसकली.
दुसऱ्या दिवशी तो माझी चप्पल राखत बसला,
तिसऱ्या दिवशी रिकामी ताटली,
चौथ्या दिवशी
नुसती जागा.

कॉलेजच्या दवाखान्यातली डॉक्टरीण, देगलूरकडची,
माझ्या पुतणीच्या वयाची.
त्याला हात लावला नाही.
फरशीवर आडवी बसली, भिंतीकडं बघत,
बराच वेळ.
मग विचारलं, एकाच बाजूनं कधीपासून चावतो?
आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

दाढ सडलेली. खुब्यात संधिवात.
डाव्या डोळ्यात दूध उतरलेलं.
"आणि काका, गुरगुर बंद करू नका त्याची.
ती गेली, तर तो न सांगता चावेल."

तीस वर्षं मी मोटारी भरतो.
देवणी, जळकोट, कुठून कुठून येतात बोरच्या.
पेचकसाचं टोक मोटारीला, मूठ कानाला,
डोळे मिटून सांगतो काय बिघडलं ते.
गुरगुरली म्हणून
एकीलाही चप्पल मारली नाही आजवर.
म्हणतो, बेअरिंग गेलंय. ग्रीस संपलंय.
गुरगुरते ती वाचते.
गप्प राहते ती आतून जळून येते,
तांबं काळं कोळसा,
आणि गिऱ्हाइकावर मीच खेकसतो,
आवाज आला तेव्हाच कामून नाही आणली?

दाढ काढली. गोळी सुरू आहे, सकाळ-संध्याकाळ.
आमच्या लिंगायताच्या घरात पहिल्यांदा अंडं उकडलं,
मागच्या अंगणात, वेगळ्या भगुल्यात.
आईनं तोंड फिरवलं.
तसंच तोंड फिरवून म्हणाली,
मीठ नका टाकू, त्याला चालत नाही.

नियम एवढाच:
कोपऱ्याबाहेर खडूची रेघ.
रेघेवरनं उलसा तुकडा टाकायचा
आणि निघून जायचं. काही मागायचं नाही.
त्याचा चतकोर त्याच्यापाशी राहू द्यायचा,
वाळू द्यायचा, मुंग्या लागू द्यायच्या.

रात्री दुकान बंद करून येतो
तेव्हा तो शेपटी एकदा आपटतो, पोत्यावर.
कधी आपटत नाही.
मी लांबूनच म्हणतो, बरंय, पड.
चपलेचं त्याला आठवतं का, माहीत नाही.
मी ती दाराबाहेर काढतो आता.

रेघ रोज झाडताना पुसते.
गंगोत्री रोज नवी ओढते,
जवळ की लांब
ते त्याच्या कानांकडं बघून ठरवते.
परवा एक वीत पुढं गेली होती.
काल दोन विती मागं आली.

कामून गं, मी विचारलं.
खडूचा हात फ्रॉकला पुसत म्हणाली,
आज दुखूलालंय त्याला.